साईटींच्या मधून बोळ हवा असेल तर कचेरीत नेमकं काय मागायचं

भिंतीपलीकडे किराणा दुकान दिसतं. दुकानदाराच्या रेडिओवर कुठलं गाणं लागलंय तेही ऐकू येतं. पण तिथे जायचं तर लेआउटच्या गेटातून बाहेर, मेन रोडने खाली, मग दुसऱ्या लेआउटच्या गेटातून आत. बेळगावात अनगोळ, वडगाव, पिरनवाडी, मच्छे, कणबर्गी, कुठल्याही बाजूला जा, शिवारात पडलेल्या नव्या लेआउटांत हेच दिसतं. प्रत्येक मालकाने आपापल्या सर्व्हे नंबरात साईट म्हणजे प्लॉट पाडले, आत रस्ते काढले आणि हद्दीवर भिंत घातली. दोन लेआउट पाठीला पाठ लावून उभे असतात, पण मधून जायला बोळ नसतो. मोटारसायकलवाल्याला हा वळसा दोन मिनिटांचा पडतो. शाळेत जाणारं पोर किंवा गुडघे दुखणारी आजी हे अंतर पायी तोडतात, आणि तेही बहुतेक वेळा कडा नसलेल्या मेन रोडवरून.

मग सोसायटीचे लोक एकत्र येतात आणि ‘पादचारी मार्गासाठी झोनिंगमधून (कुठली जागा कशासाठी वापरायची त्या नियमांतून) सूट द्यावी’ असा अर्ज बुडाकडे, म्हणजे बेळगाव नगर विकास प्राधिकरणाकडे देतात. तो महिनोन्महिने पडून राहतो. याचं मुख्य कारण असं की आपल्याकडे या नावाचा एकच अर्ज आणि एकच टेबल नाही. कर्नाटक नगर व ग्रामीण नियोजन कायदा १९६१ चा, नागरी विकास प्राधिकरणांचा कायदा १९८७ चा, आणि जमीन महसुलाचा १९६४ चा. तुमची पायवाट कुठून जाते त्यावर यातलं कुठलं कलम लागतं ते ठरतं. चुकीचं कलम लिहिलं तर अर्ज नाकारलाही जात नाही, तो फक्त या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. म्हणून आधी जागा ओळखा, अर्ज त्यानंतर लिहा.

सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे आहे त्याच रस्त्याच्या रुंदीत फुटपाथ. त्याला कुठलीही सूट लागत नाही. रस्ता मंजूर आहे, त्याची रुंदी मंजूर आहे, त्यात गाडीला किती आणि माणसाला किती एवढाच प्रश्न. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेत वस्तीच्या भागात चालण्यासाठी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. आपल्या लेआउटांत आतले रस्ते बहुधा ९ मीटरचे, म्हणजे ३० फुटी. दोन्ही बाजूंना १.८ मीटर दिलं तर मध्ये ५.४ मीटर उरतात. दोन मोटारी हळू हळू एकमेकींना पार करतात, पण उभी करायला जागा राहत नाही, आणि विरोध तिथेच सुरू होतो. माझं स्पष्ट मत आहे की अशा रस्त्यावर एकाच बाजूला फुटपाथ घ्यावा, पण तो अखंड घ्यावा. दोन्ही बाजूंना घेतलेला आणि प्रत्येक गेटापुढे रॅम्पने तुटलेला फुटपाथ शेवटी कोणीच वापरत नाही, लोक डांबरावरूनच चालतात. घराचा रॅम्प कंपाउंडच्या आत घ्यायचा, फुटपाथवर उतरवायचा नाही, ही अट सोसायटीच्या ठरावात आधीच लिहून ठेवा.

दुसरा प्रकार साईटींच्या मधल्या बोळाचा. हा मंजूर लेआउट नकाशातला बदल झाला. लेआउटची मंजुरी १९६१ च्या कायद्याच्या कलम १७ खाली आणि प्राधिकरणाच्या हद्दीत १९८७ च्या कायद्याच्या कलम ३२ खाली होते, म्हणून अर्ज ‘सुधारित लेआउट नकाशाला मंजुरी’ या नावाने जायला हवा. अर्जदार कोण हेही महत्त्वाचं. ज्याच्या नावावर मंजुरी आहे तो जमीनमालक किंवा विकासक सुधारणा मागू शकतो. रहिवासी संघ नुसतं निवेदन देऊ शकतो. बऱ्याच ठिकाणी संघाचे लोक महिनाभर खेटे घालतात आणि शेवटी कळतं की सही विकासकाची हवी होती.

इथे रेराचं (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचं) कलम १४ आडवं येतं, आणि योग्यच आहे. नोंदणीकृत प्रकल्पाच्या मंजूर नकाशात किंवा सामाईक जागेत बदल करायचा तर विकासक सोडून बाकीच्या साईटधारकांपैकी किमान दोन तृतीयांश लोकांची आधी लेखी संमती लागते. मोजताना एक चूक हमखास होते. एका माणसाने स्वतःच्या, बायकोच्या आणि मुलाच्या नावावर तीन साईट घेतल्या असतील तरी कायद्यात तो एकच धरला जातो. साठ साईट म्हणजे साठ मतं असं समजून चाळीस सह्या गोळा केल्या आणि त्यातली दहा एकाच घरातली निघाली, तर तुमची संमती अपुरी पडते. संमतीच्या प्रत्येक कागदाला बोळ दाखवलेला नकाशा टाचलेला हवा आणि नकाशावरही सही हवी. नुसत्या ‘माझी हरकत नाही’ या ओळीवर घेतलेली सही पुढे ‘मला दुसराच बोळ दाखवला होता’ म्हणून मागे घेता येते.

तिसरा प्रकार खरा झोनिंगचा. पायवाट नाल्याच्या काठच्या बफरमधून (मोकळ्या ठेवायच्या पट्ट्यातून), सीडीपीत म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात हिरव्या दाखवलेल्या पट्ट्यातून किंवा शेतीच्या झोनमधून जाते. (मास्टर प्लॅनला आपल्याकडे अजून सगळे सीडीपीच म्हणतात, अर्जात मात्र मास्टर प्लॅन लिहा.) अशा वेळी १९६१ च्या कायद्याचं कलम १४-अ लागतं. प्राधिकरण सरकारच्या पूर्वमंजुरीने मास्टर प्लॅनमध्ये बदल करू शकतं, पण बदल सार्वजनिक हिताचा हवा, इतर कुठल्या कायद्याशी विसंगत नको, आणि तो त्या भागात खपणाऱ्या एका किंवा अधिक दैनिकांत छापून हरकतींसाठी किमान १५ दिवस द्यायला हवेत. कारणंही कलमातच दिली आहेत: भूरचनेमुळे, नकाशा काढताना झालेल्या चुकीमुळे, तपशील पूर्ण न दाखवल्यामुळे, योजना राबवताना उद्भवलेल्या परिस्थितीमुळे. तुमचं कारण यातल्या कशात बसतं ते कलमाच्याच शब्दांत लिहा. ‘लोकांची फार गैरसोय होते’ हे खरं असतं, पण फाईल त्याच्यावर पुढे सरकत नाही. ‘मूळ नकाशात अस्तित्वातली पायवाट दाखवायची राहून गेली’ यावर सरकते.

‘त्या भागात खपणाऱ्या दैनिकांत’ या शब्दांचा आपल्याला उपयोग आहे. जाहीर सूचना कन्नड दैनिकात येते. शहापूर-वडगावातली कितीतरी जुनी माणसं ते वाचत नाहीत, आणि मग मंजुरी झाल्यावर ‘आम्हाला कळलंच नाही’ म्हणून उठतात. सूचना मराठी दैनिकातही द्यावी अशी विनंती अर्जातच करा आणि लागल्यास खर्च संघाने सोसावा. अर्ज स्वतः कन्नडमध्येच द्या. कचेरीचा कारभार त्या भाषेत चालतो आणि टिपणी लिहिणाऱ्याला तुमचा मजकूर तसाच उचलता आला की वेळ वाचतो. मराठी प्रत संघाच्या दप्तरात ठेवा, म्हणजे सही करणाऱ्याला आपण कशावर सही केली ते कळेल.

चौथा प्रकार सर्वांत दुर्लक्षित, आणि तो सूट मागण्याचा नाहीच, तो हक्काचा आहे. पुष्कळ लेआउट जुन्या पाणंदीवर पडलेत. येळ्ळूर, धामणे, हलगा या बाजूची शिवारं बघा: गावातून शेताला जाणाऱ्या गाडीवाटा आणि पायवाटा गावनकाशावर तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, गाडीवाट दुहेरी तुटक आणि पायवाट एकेरी. कन्नड कागदात बंडीदारी आणि कालुदारी असे शब्द शोधा. सार्वजनिक वाट सरकारची असते, हे जमीन महसूल कायद्याच्या कलम ६७ मध्ये आहे. आणि लोकांचा त्यावरचा हक्क संपवायचा तर कलम ६८ खाली रीतसर सूचना देऊन, हरकती ऐकून आदेश व्हावा लागतो. विकासकाने नुसती भिंत घातली म्हणून वाट मिटत नाही. म्हणून बोळ मागण्याआधी गावनकाशा काढा. दिशांक ॲप घेऊन त्या जागी उभं राहिलं की सर्व्हे नंबर कळतो आणि हद्दीचा अंदाज येतो. पण तो अंदाजच, पुरावा म्हणून चालत नाही. पुरावा म्हणजे भूमापन खात्याची सही-शिक्क्याची नक्कल, टिप्पण (मूळ मोजणीचा कच्चा नकाशा) आणि मोजणी. वाट सापडली तर अर्ज बुडाकडे करण्याऐवजी तहसीलदारांकडे अतिक्रमण काढण्यासाठी जातो, आणि बुडाला त्याची प्रत. खासगी जमिनीतून वीस वर्षं उघडपणे, अडवणुकीशिवाय, हक्काने वापरलेली वाट असेल तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम १५ आहे, मात्र तो रस्ता दिवाणी कोर्टातून जातो आणि वेळखाऊ आहे.

जुना मंजूर नकाशा मिळत नसेल तर माहिती अधिकार वापरा. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसणारा हवा, फी १० रुपये. ‘अमुक सर्व्हे नंबरच्या लेआउटचा मंजूर नकाशा, मंजुरीचा आदेश आणि रस्ते-उद्यानांच्या हस्तांतरणाचं पत्र यांच्या साक्षांकित प्रती’ एवढंच मागा. तक्रार, इतिहास, कारणं त्यात घालू नका; दीडशे शब्दांचा नियम दाखवून अर्ज परत येतो. निपाणी, खानापूर, चिक्कोडी या बाजूला बुडा नसतो. तिथे स्थानिक नियोजन प्राधिकरण किंवा नगररचना खात्याची कचेरी. बेळगावात कॅम्प भाग छावणी मंडळाकडे, तिथे हे सगळंच वेगळं.

आता बोळाची मांडणी, कारण मंजुरी अडते ती पुष्कळदा नकाशावरच्या एखाद्या आकड्यावर.

३ मीटर रुंद आणि ६० मीटर लांब बोळ म्हणजे १८० चौरस मीटर. ३० बाय ४० फुटांची साईट १११.५ चौरस मीटरची. म्हणजे विकासकाची दीड साईटहून जास्त जागा जाते, आणि त्याचा नकार इथून येतो. त्याला समाजकार्य समजावून उपयोग नाही, त्याला पर्याय दाखवा. बोळ उद्यानाच्या किंवा सीए साईटच्या (सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जागेच्या) कडेने नेला तर विक्रीची जागा फारशी तुटत नाही. फक्त तो पट्टा उद्यानाच्या क्षेत्रफळात मोजू नका. उद्यानासाठी ठेवायचं क्षेत्र ठरलेलं असतं, आणि उद्यानं-मोकळ्या जागांसाठी १९८५ चा वेगळा कायदा आहे. उद्यानातून फरसबंद वाट काढली असं दिसलं की हरकत येते. उद्यानाची हद्द आत घ्या, टक्केवारी पुरते ते तक्त्यात दाखवा, आणि बोळ रस्त्यांच्या क्षेत्रात लिहा. नकाशाच्या कोपऱ्यातला क्षेत्रफळाचा तक्ता आधीचा आणि नंतरचा असा शेजारी शेजारी द्या. बेरीज एका चौरस मीटरनेही चुकता कामा नये. ती जुळली नाही की नकाशा दुरुस्तीला परत.

बोळाला लागून असलेल्या दोन साईटवाल्यांचा विरोध वेगळ्या कारणाने असतो आणि ते कारण रास्त आहे. बोळ म्हणजे रस्ता धरला तर त्यांची साईट कोपऱ्याची ठरते, त्या बाजूला जास्त मोकळी जागा सोडावी लागेल का, घर बसेल का, ही त्यांची भीती. उलट कोणी बोळाला रस्ता दाखवून जादा एफएआर (साईटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) मागेल, कारण तो रस्त्याच्या रुंदीशी जोडलेला आहे. दोन्ही टाळण्यासाठी अर्जात एक वाक्य स्पष्ट मागा: हा मार्ग फक्त पादचाऱ्यांसाठी असून सेटबॅक (घराभोवती सोडायची मोकळी जागा), एफएआर आणि इमारतीची उंची यांच्या हिशेबात त्याला रस्ता धरू नये. झोनिंगमधली खरी सूट मागायची ती या वाक्यापुरती. ती नियमावलीत बसते की नाही ते नगररचनाकारांना आधी तोंडी विचारा, आणि बसत असेल तर मंजुरीच्या आदेशात अट म्हणून छापून घ्या. टिपणीत राहिली आणि आदेशात उतरली नाही तर घर बांधायला घेताना साईटवाला पुन्हा त्याच टेबलापुढे उभा असतो.

खरेदीपत्रं झालेली असतील तर चतुःसीमेचं बघा, कन्नड पत्रात ज्याला चक्कुबंदी म्हणतात ती. ‘उत्तरेस साईट नंबर ४३’ असं छापलंय आणि प्रत्यक्ष उत्तरेस आता बोळ आहे, तर त्या दोन साईटींची दुरुस्तीपत्रं नोंदवून घ्या. हे राहिलं की दहा वर्षांनी, घर विकताना, बँकेचा वकील कर्ज अडवतो, आणि मग तो मालक बोळाच्या अर्ध्यावर भिंत घालायला निघतो.

बोळाची रुंदी दोन कंपाउंडच्या भिंतींमध्ये ३ मीटर मागावी. त्यात १.८ मीटर चालायला, एका कडेला गटार आणि दुसऱ्या कडेला खांब-झाडांची पट्टी. १.८ मीटरचा आकडा हवेतला नाही: दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर एवढीच जागा त्यांना पार व्हायला लागते. भिंती फार उंच असल्या की बोळ भुयारासारखा होतो आणि संध्याकाळी सातनंतर बायका तिथून जात नाहीत. मीटरभर भरीव आणि वर जाळी असं लिहून घ्या. बोळ शक्यतो सरळ ठेवा, या टोकाला उभं राहिलं की ते टोक दिसलं पाहिजे. मध्ये कोन असेल तर कोनावरच दिवा, एरवी दर २०-२५ मीटरला एक.

उतार असेल तर २० ला १ पर्यंत साधी वाट चालते. त्याहून चढ असेल तर तो रॅम्प, १२ ला १ पेक्षा तीव्र नको, आणि तसा सलग ९ मीटर चढल्यावर सपाट टप्पा हवा, दोन्ही बाजूंना कठडा. आडवा उतार ५० ला १, म्हणजे पाणी गटाराकडे जातं आणि पाय तिरका पडत नाही. गटारावरच्या जाळीची फट १२ मिलिमीटरहून मोठी नको. काठीचं टोक आणि व्हीलचेअरचं पुढचं चाक तिथेच अडकतं.

तोंडाला खांब रोवायचे का, यावर प्रत्येक बैठकीत वाद होतो. खांबांमध्ये १.२ मीटर अंतर ठेवलं तर व्हीलचेअर, तान्ह्याची गाडी, भाजीची हातगाडी जाते आणि मोटार अडते. मोटारसायकल अडत नाही. ती अडवायला अंतर कमी केलं किंवा वेडेवाकडे गज लावले तर आधी व्हीलचेअर अडते, मोटारसायकलवाला तिरकी करून जातोच. म्हणून १.२ मीटरच ठेवा आणि मोटारसायकलींना अडवायचं काम बोळातल्या लोकांनी करायचं असं ठरवा. बोळाच्या तोंडावर मोकळी जागा दिसली की तिथे विजेचा डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर उभा राहतो, हेही लक्षात ठेवा. हेस्कॉमला (वीज कंपनीला) द्यायच्या नकाशात ट्रान्सफॉर्मरची जागा दुसरीकडे दाखवून बोळाचं तोंड मोकळं राखा, कारण एकदा उभा राहिलेला डीपी हलवायचा खर्च संघाच्या माथी येतो.

बांधणीत फसतं ते जमिनीमुळे. वडगाव-धामणेकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि जूनमध्ये फुगते. तिच्यावर थेट वाळू पसरून पेव्हर बसवले तर पहिल्याच पावसाळ्यात बोळ लाटांसारखा होतो. किमान फूटभर काळी माती उचला, लाल मुरूम दोन थरांत भरून प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबा, वर खडी, मग २५ ते ४० मिलिमीटर वाळू आणि ६० मिलिमीटरचे पेव्हर. खानापूर रोडकडच्या जांभ्या-मुरमाच्या जमिनीत एवढं खणावं लागत नाही, वरची सैल माती काढली की पुरतं. दोन्ही कडांना काँक्रीटची कडपट्टी मात्र सगळीकडे हवी. ती नसली की पेव्हर बाजूला सरकतात, फटी रुंदावतात, वाळू धुऊन जाते. अंदाजपत्रकात पैसे वाचवायला पहिली हीच कडपट्टी उडवली जाते, म्हणून मोजमाप-पुस्तकात तिची ओळ वेगळी दिसते का ते तपासा. आणि पेव्हर मेनंतर लावायला घेऊ नका.

अर्जासोबत एक साधी मोजणी जोडा, तिचा परिणाम भारी पत्रापेक्षा जास्त होतो. चार ठिकाणं घ्या: शाळा, बसथांबा, दुकान, देऊळ किंवा दवाखाना. प्रत्येकाचं सरळ अंतर आणि आजचं पायी अंतर टेपने किंवा चाकाच्या मीटरने मोजा. सरळ १२० मीटर आणि वळशाने ७०० मीटर असं निघालं तर ते आकडे नकाशावरच लिहा. मग एक शाळेचा दिवस धरून सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चार ते सहा या वेळात भिंतीच्या फटीतून, तुटलेल्या कुंपणातून किंवा मेन रोडने किती माणसं जातात ते दर पंधरा मिनिटांनी लिहून काढा. मुलं, म्हातारी माणसं, डोक्यावर किंवा हातात ओझं असलेली अशा वेगळ्या खणांत. लोकांनी भिंतीला पाडलेल्या भगदाडाचा फोटो लाजून वगळू नका, बोळाची गरज त्याहून चांगली दुसरं काही दाखवत नाही.

मंजुरी आल्यावर बोळाचं हस्तांतरण राहता कामा नये. रस्ते आणि उद्यानांसारखंच नोंदणीकृत पत्राने तो प्राधिकरणाच्या ताब्यात जायला हवा, आणि त्या पत्रातल्या परिशिष्टात त्याची लांबी-रुंदी वेगळी लिहिलेली हवी. ‘रस्ते व इतर’ या दोन शब्दांत गेलेला बोळ पुढे विकासकाच्या नावावरच राहतो आणि एखादे दिवशी त्यावर साईट नंबर पडतो. हस्तांतरण झालं की तो सार्वजनिक झाला, रात्री दहानंतर गेट लावायचा अधिकार संघालाही उरत नाही. हे सह्या घेतानाच सगळ्यांना सांगा. सुरक्षेची काळजी असणाऱ्या घरांशी बोलायची वेळ तीच आहे. दिवे, जाळीची भिंत आणि सरळ बोळ ही त्यांच्या काळजीवरचीच उत्तरं आहेत, आणि ती नकाशात दाखवता येतात.